सावरघळचा पत्ता

“खाली दूरवर रस्ता नुसता चकाकतोय हो,” फोनवर मृदुलाताई हसत म्हणाल्या. “नवीन डांबर टाकलंय वाटतं. हा उतार संपला की तुमचं घर येईल ना?”

मी ‘हो’ म्हणणारच होते. पण तेवढ्यात ‘उतार’ हा शब्द डोक्यात शिरला. आमच्या घराकडे येणारा रस्ता फाट्यापासून अंगणापर्यंत सगळा चढाचा. त्यात उतार कुठेच नव्हता.

“कुठला उतार? मृदुलाताई, गाडी थांबवा आधी. हॅलो? हॅलो?”

फोन तुटला होता. ओसरीच्या एका कोपऱ्यातच काय ती रेंज यायची. मी तिथंच टाचा उंचावून पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिले. प्रत्येक वेळी तीच बाई तेच सांगायची, की संपर्क होऊ शकत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. डोंगरावरून धुकं असं उतरलं होतं की अंगणातला फणससुद्धा दिसेनासा झाला होता.

रंजनावहिनी पिठाच्या हातानं बाहेर आल्या. “काय झालं? पाव्हणे चुकले का?”

“त्या म्हणतायत, उतारावर आहोत.”

वहिनींच्या तोंडावरचा रंग उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खांबाला टेकून बसलेल्या त्यांच्या सासऱ्यांकडे, आबांकडे पाहिलं. आबा उठून उभे राहत होते.

पुढचं सांगण्याआधी मी तिथं काय करत होते ते सांगायला हवं. ही बरीच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी साताऱ्यात एक कोर्स करून सर्चचं काम नुकतंच सुरू केलं होतं. फोनवर कुणी काही शोधलं, तर त्यात आपल्या गिऱ्हाइकाचं नाव वर आणायचं, एवढंच ते काम. पण ते घरच्यांना समजावताना माझ्या नाकी नऊ यायचे, आणि मला अजून एकही गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. बचत गटाच्या एका प्रदर्शनात रंजनावहिनी भेटल्या. धरणाच्या फुगवट्याच्या काठावर, डोंगराच्या खांद्यावर त्यांचं घर. नवरा मुंबईला बंदरावर कामाला. घरात त्या आणि सासरे. त्यांनी दोन खोल्या वाढवून मुक्कामाची सोय केली होती, पण माणूस काही फिरकत नव्हतं.

“तुम्ही आमाला त्या फोनात वर आणा,” त्या म्हणाल्या. “मी जेवायला असं घालीन, की एकदा आलेला माणूस परत येईल. पण पयल्यांदा तो यायला तर पायजे.”

त्यांनी ठेवलेलं नाव होतं ‘निसर्गछाया’. शोधून पाहिलं, तर दर डोंगराआड एक निसर्गछाया. आमची आठव्या पानावरही नव्हती. मी त्यांना समजावलं, की माणूस फोनमध्ये कोणता शब्द टाकेल ते आधी ओळखायचं. मग तोच शब्द आपल्या पानावर, फोटोंखाली, पत्त्यात, सगळीकडे अगदी तसाच लिहायचा. पण त्याआधी आपल्याला असं नाव हवं, जे दुसऱ्या कुणाचंच नाही.

तेव्हा आबा दारात बसले होते. आमच्या बोलण्यात ते कधी पडत नसत. त्या दिवशी मात्र म्हणाले, “सावरघळ.”

 सावरघळ म्हणजे त्यांचं मूळ गाव. धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलं. वर जी वस्ती बसली तिला सरकारी कागदात नुसतं पुनर्वसन वाडी म्हणतात. मी शब्द टाकून पाहिला. जगात कुणाचंच ते नाव नव्हतं. मला तर घबाडच मिळालं.

‘सावरघळ, डोंगरावरचं घर’ असं नाव ठेवलं. फोटो काढले, पान केलं, आलेल्या चार माणसांकडून चांगलं चार ओळींचं लिहून घेतलं. नकाशावर घराची खूण मी स्वतः अंगणातल्या फणसावर नेऊन ठेवली आणि ती नीट आहे ना, हे तीनतीनदा पाहिलं. उन्हाळा सरता सरता ‘धरणाकाठी मुक्काम’ असं कुणी शोधलं, की आमचं पान पहिल्या पानावर दिसायला लागलं. मी फोन केला की आबा आवर्जून वहिनींच्या हातून तो घ्यायचे आणि विचारायचे, “आज गाव कितपत वर आलंय?”

“तिसऱ्या नंबरवर, आबा.”

“लई वर आलं,” म्हणायचे आणि फोन परत द्यायचे. खूश आहेत की नाही, ते आवाजावरून कधी कळलं नाही.

दसऱ्याला पहिलं मोठं कुटुंब येणार होतं. ठाण्याचे केळुसकर. नवरा, बायको म्हणजे या मृदुलाताई, लहान मुलगी आणि नवऱ्याची आई. वहिनी धास्तावल्या होत्या, म्हणून मदतीला मी आदल्या दिवशीच येऊन थांबले होते. आणि आता मी ओसरीच्या कोपऱ्यात हातात न लागणारा फोन धरून उभी होते.

माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक. मी माझ्याच फोनवरचा नकाशा उघडला आणि आमच्या घराचं पूर्ण नाव न टाकता नुसतं ‘सावरघळ’ लिहिलं. चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. मग नकाशा उमटला. घरावर नव्हे. खाली, धरणाच्या निळ्या रंगाच्या मधोमध एक लाल टिंब होतं. कुठल्याशा जुन्या नकाशावरून ते गावाचं नाव जिथल्या तिथं उचललं गेलं असणार. आणि घाटातल्या जुन्या फाट्यापासून त्या टिंबापर्यंत एक बारीक पांढरी रेघ निळ्या रंगात सरळ उतरत गेली होती.

मी फोन वहिनींपुढे धरला. 

“जुना रस्ता,” आबा म्हणाले. त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. “जुन्या रस्त्यानं चाललीत ती.”

“आता पाणी कुठवर आहे?” मी विचारलं.

“धरण भरलंय, ताई,” वहिनींचा आवाज फुटला. “वडाच्या वळणापातूर असंल. वळलं की पाणीच.”

म्हणजे त्या बाईंना दिसलेलं नवीन डांबर नव्हतं.

आबांनी खुंटीवरची बॅटरी काढली. “रंजा, तू गाडी काढ, फाट्यावरनं त्यांच्या मागं जा. वाटेत चारदोन माणसं घे, दोर घे. मी पायवाटेनं उतरतो.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “पोरी, तू चल माझ्यासंगं. तुझे डोळे चांगले हायेत.”

“आबा, तुम्ही खाली...” वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या. मला नंतर कळलं, की त्या घरात आल्यापासून त्यांनी सासऱ्यांना पाण्याच्या बाजूला उतरताना एकदाही पाहिलं नव्हतं. गुरं खाली गेली तर आणायलासुद्धा ते दुसऱ्याला पाठवत. पण तेव्हा विचारायला वेळ नव्हता. वहिनींनी स्कूटीला किक मारली आणि त्यांचा दिवा धुक्यात दोन हातांवरच विरून गेला.

पायवाट म्हणजे कारवीच्या झुडपांतून गेलेली एक ओली घसरण होती. आबा पुढे, मी मागे. बॅटरीचा उजेड धुक्यावर आपटून परत आमच्याच अंगावर येई, त्यामुळे दिसण्यापेक्षा न दिसणंच जास्त. म्हातारा माणूस, पण पाऊल कुठं टाकायचं हे त्यांच्या पायांना माहीत होतं. मी दोनदा बसकण मारली, हाताला काटे लागले, चप्पल तुटली ती तिथंच टाकली. मनात एकच चाललं होतं. फोनवर मागून त्या मुलीचा आवाज आला होता. ती कसलंसं गाणं म्हणत होती.

आम्ही अर्ध्यावर आलो असू. तेवढ्यात डावीकडून, खालून, गाडीचा आवाज आला. हळू, पहिल्या गिअरमध्ये घरघरत येणारा. गाडी थांबलेली नव्हती. ती येत होती.

मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडायला तोंड उघडलं. त्याच क्षणी आबांचा पंजा माझ्या तोंडावर बसला. तंबाखूचा वास असलेला, खरखरीत, लाकडासारखा घट्ट हात. मी धडपडले तसा त्यांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट पिरगाळलं.

“हाक मारायची न्हाई,” ते माझ्या कानाशी म्हणाले. “काय बी झालं तरी हाक मारायची न्हाई.”

मी इतकी घाबरले, की थोडा वेळ गाडीचाही विसर पडला. धुक्यात, कुणाला पत्ता नसलेल्या उतारावर, या माणसानं माझं तोंड दाबून धरलं होतं आणि त्याचे डोळे माझ्याकडे नव्हतेच. ते खाली, जिथं काहीही दिसत नव्हतं तिथं लागले होते. हा माणूस भ्रमिष्ट तर नाही? मी याच्याबरोबर का आले? खाली चार माणसं मरणाकडे चालली आहेत आणि हा मला ओरडू देत नाही!

“पळायचं,” ते म्हणाले. हात काढला आणि निघाले. मीही पळाले. त्यांच्यामागे न जाता तिथं एकटी उभी राहणं त्याहून भयंकर होतं.

पायवाट एकदम संपली आणि पायांना डांबर लागलं. जुनं, उखडलेलं, शेवाळानं बुळबुळीत झालेलं. कडेला दगडी कठडा होता. मी दम घ्यायला वाकले आणि मला ऐकू आलं. अगदी जवळ, पाठीमागे, चुळुक, चुळुक. बॅटरी वळली. रस्ता आमच्या पावलांपासून थोड्या अंतरावर कुठल्याही काठाशिवाय, कुठल्याही खुणेशिवाय पाण्यात शिरला होता. चकाकत होता. खरंच, नव्या डांबरासारखाच दिसत होता.

वरच्या वळणावरून दोन पिवळे डाग उगवले.

“कडेला हो,” आबा म्हणाले आणि स्वतः रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. बॅटरी छातीशी, उजेड स्वतःच्याच तोंडावर. गाडीवाल्याला रस्ता नाही, माणूस दिसावा म्हणून. डाग मोठे होत गेले. आबा हलले नाहीत. मग ब्रेक किंचाळले.

गाडी थांबली नाही. चाकं थांबली होती, पण शेवाळावरून गाडी तशीच सरकत आली, तिरकी होत, अगदी सावकाश. आबा एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. त्यांच्या घोट्याला पाणी लागलं, मग गुडघ्याला. पुढची चाकं पाण्यात शिरली, गाडीचं नाक त्यांच्या मांडीला टेकलं आणि गाडी थबकली.

काच खाली झाली. “मरायचंय का आजोबा?” केळुसकर ओरडले. “गाडीपुढे काय येताय? सावरघळचा रस्ता हाच ना?”

 आबांनी बॅटरी उचलून मागे, पाण्यावर फिरवली. एक वठलेलं झाड होतं, त्याचा फक्त शेंडा पाण्यावर. त्यापलीकडे काही नव्हतं. नुसतं पाणी आणि धुकं.  मृदुलाताईंनी मुलीला मांडीवर ओढून घेतलं.

“ब्रेकवरचा पाय काढू नगा,” आबा शांतपणे म्हणाले. बोनेटवर त्यांनी दोन्ही तळवे टेकले होते, जणू त्यांच्या त्या काटक्यांसारख्या हातांवरच गाडी तोलली जाणार होती. “मागं घ्यायला जाऊ नगा, चाक फिरंल आन् खाली येईल. आधी बाकीचे उतरा. एकेक जण. दार हळू उघडा. पोरी, कठड्याचे दगड काढ, चाकाखाली घाल.”

मी दगड उपसले. नखं तुटली ते दुसऱ्या दिवशी कळलं. मृदुलाताई मुलीला घेऊन उतरल्या आणि उतरताच त्यांचा पाय घसरला. मी मुलीचा दंड धरला आणि दोघींना चढाकडे ढकललं. राहिल्या केळुसकरांच्या आई. सगळे त्यांना माई म्हणत. त्यांचे गुडघे धरलेले. त्या पाय बाहेर काढत होत्या आणि गाडी कुरकुरत होती. 

“मी राहते बाळा, तू उतर,” त्या मुलाला म्हणाल्या.

“माई, काहीतरी बोलू नकोस! उतर!” केळुसकर रडवेले झाले होते. त्यांचा ब्रेकवरचा पाय थरथरत होता आणि ती थरथर मला गाडीच्या पत्र्यातून हाताला जाणवत होता.

मी माईंना काखेत हात घालून अक्षरशः ओढून काढलं. आम्ही दोघी कठड्यावर आदळलो. मग केळुसकरांनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि उडी टाकली. ते पालथे पडले. गाडी क्षणभर तशीच राहिली. चाकाखालचे दगड करकर वाजले.

आबा अजून गाडीपुढेच होते. मांडीभर पाण्यात. आता त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं, एवढं सोपं होतं ते. पण ते गाडीकडे पाहतच नव्हते. मान वळवून पाण्याकडे पाहत होते, कुणीतरी बोलणार आहे आणि ते चुकू नये अशा लक्षानं.

दगड फुटला. गाडी सुटली.

आणि मी ओरडले. त्यांनी बजावलेलं सगळं विसरून, जिवाच्या आकांतानं ओरडले, “आबाऽऽ!”

माझी हाक धुक्यात गेली आणि परत आली. पण माझ्या बाजूनं नाही. ती खालून आली, पाण्याच्या आतून, त्या वठलेल्या झाडापलीकडून. लांबलेली, कोवळी, एखाद्या मुलीनं घातलेल्या सादेसारखी. आबाऽऽ.

आबांचा चेहरा मी पाहिला. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती, ती असती तर बरं झालं असतं. ते वळले आणि त्या आवाजाच्या दिशेनं एक पाऊल टाकलं. पाणी कमरेला लागलं. मग दुसरं.

मी कशी उतरले, आठवत नाही. पाणी बर्फासारखं होतं एवढं आठवतं. त्यांच्या सदऱ्याची कॉलर माझ्या मुठीत आली आणि मी मागे, कडेला, सगळा भार टाकला. आम्ही दोघं कठड्यावर आपटलो आणि गाडी आमच्या अंगाला चाटून गेली. तिचं दार माझ्या कोपराला लागलं. ती पाण्यात नाकानं शिरली, बुडबुडे आले, आणि छपरापर्यंत जाऊन कशाला तरी अडून थांबली.

दिवे विझले नव्हते. पाण्याखाली पिवळट हिरवा उजेड पसरला होता आणि त्या उजेडात रस्ता दिसत होता. खाली, आणखी खाली उतरत जाणारा, दोन्ही बाजूंना कठड्याचे दगड असलेला. एखादं गाव समोर असावं आणि आपण फक्त थोडा उशीर केला असावा, असा. आबा माझ्या मिठीत ओलेचिंब होऊन ते पाहत राहिले. मग दिवे एकेक करून गेले.

कुणीतरी हुंदके देत होतं. मला वाटलं मृदुलाताई असतील. ती मीच होते.

ती लहान मुलगी, तिचं नाव ईरा, आईच्या पदराआडून म्हणाली, “आजोबा, सावरघळ कुठं आहे?”

“हितंच,” आबा म्हणाले. “आलं बघ.”

वरून माणसांचा गलका आणि स्कूटीचा दिवा आला. वहिनी दोर आणि वाडीतली माणसं घेऊन पोचल्या होत्या. त्यांनी आधी सासऱ्यांना चाचपून पाहिलं, मग मला, आणि मग रस्त्यातच मटकन खाली बसल्या.

सकाळी आभाळ लख्ख मोकळं होतं. ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढायचं काम खाली चाललं होतं, आणि केळुसकर तिथं होते. माई ओसरीत वहिनींच्या गोधडीत बसून चहा पीत होत्या. आबा नेहमीच्या खांबाला. माझ्या मनगटावर त्यांची बोटं उमटलेली होती. ती त्यांनी पाहिली आणि नजर वळवली.

“आबा,” मी विचारलं, “हाक का मारू दिली नाहीत?”

आबा बोलले ते पाण्याकडे बघत.

“माझी थोरली भन. हौसाक्का. ल्हानपनी तिनंच मला खांद्यावर वागवलेलं. लगीन होऊन घाटाखाली गेलेली. गौरीला यायची दरसाल. त्या वर्षी पैल्यांदा पानी अडवलं. आमी वर झोपड्यात आलो. तिला सांगावा धाडला, पर तो पोचला न्हाई. तिला काय ठावं, गाव उठलंय म्हनून? तिला रस्ता तोंडपाठ. आंधारात बी यायची.”

वहिनी चुलीपासून उठून दारात आल्या होत्या. मला तेव्हा जाणवलं, की त्याही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या.

“त्या दिशी असंच धुकं. मी वर हुतो, त्या पायवाटंच्या तोंडाशी. तिचा आवाज आला, ‘ज्ञानूऽ, दिवा दाव रे.’ गावात दिवा दिसंना म्हनून घाबरली आसंल. मी वरनं बोंबललो, ‘आक्का, म्होरं जाऊ नगं, मी हितं हाय, हिकडं ये.’ सारखा वरडत हुतो. जीव खाऊन वरडत हुतो.” ते थांबले. “ह्या घळीत हाक वरनं मारली, की ऐकू खालनं येती. पान्यातनं. पानी नवं हुतं, कुनाला ठावं हुतं? ती माझ्या आवाजाकडं गेली.”

 माईंनी कप खाली ठेवला.

“काल तू हाक मारलीस,” आबा मला म्हणाले, “तवा मला वाटलं, एवढ्या वर्सांनी तिनं उलटून हाक दिली.” मग त्यांनी घसा खाकरला. “ते नाव काढ, पोरी.”

मी वहिनींकडे पाहिलं. धंदा त्यांचा होता. दिवाळीसाठी दोन्ही खोल्या याच नावानं भरल्या होत्या. हे नाव काढलं तर आम्ही पुन्हा आठव्या पानाच्या मागे जाणार होतो, आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी तसं म्हणाले. घराचं नाव ठेवलं तरी नकाशावरचं ते गावाचं टिंब तेवढं काढून घेता येईल, असंही काहीसं म्हणाले.

“न्हाई,” आबा म्हणाले. “नाव हाय तवर मानूस ते शोधनार. शोधत खाली जानार. मला वाटलेलं, गाव परत कुनाच्या तोंडात येईल. आलं ते आसं आलं.”

“काढा, ताई,” वहिनी म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले नाहीत, हात पुसले. “पाव्हणे कमी आले तरी चालतील. पण जे येतील ते माझ्या दारात यायला पायजेत.”

मी तिथंच ओसरीत बसून काम सुरू केलं. पानावरून, फोटोंखालून, पत्त्यातून, जिथं जिथं तो शब्द मी मन लावून लिहिला होता, तिथून तो पुसत गेले. नवं नाव ‘रंजनावहिनींचं घर’. खुणेसाठी घाटातला नवा फाटा. मग नकाशावरच्या त्या लाल टिंबाबद्दल तक्रार. ती पुन्हा केली, फोटो जोडून पुन्हा केली, वाडीतल्या प्रत्येक फोनवरून करवून घेतली. केळुसकरांनी ठाण्याहून केली. तोवर धरण भरलं की आबा संध्याकाळी जुन्या फाट्यावर घोंगडं पांघरून बसायचे, उतरणाऱ्या गाडीपुढे हात आडवा धरायचे. त्यांनी कधी हाक मारली नाही. पुढे तिथं लोखंडी फाटक बसलं, आणि तेही सहज नाही बसलं.

वहिनींचा धंदा उभा राहायला वेळ लागला. पण राहिला. आजही त्या माझं पहिलं गिऱ्हाईक आहेत.

नकाशावरचं टिंब गेल्याचं कळलं तेव्हा मी मुद्दाम वाडीला गेले. आबा फार थकले होते, अंथरुणातच होते. मी त्यांच्याशेजारी बसून फोनमध्ये ‘सावरघळ’ लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरलं. नकाशा निळा होता, मधे काहीच नव्हतं.

“काय लिवलंय?” त्यांनी विचारलं. त्यांना आता दिसत नसे.

“असं कोणतंही ठिकाण सापडलं नाही, असं लिहिलंय.”

“पुन्ना वाच.”

मी पुन्हा वाचलं. त्यांनी माझा हात शोधला आणि मनगटावर, जिथं एकदा त्यांची बोटं रुतली होती तिथं, अंगठा ठेवून पडून राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, “आता कुनी येनार न्हाई तिला भेटाया.”

मी म्हटलं, “नाही, आबा.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि भिंतीकडे वळून हमसून हमसून रडायला लागले.